कर्करोगानंतर छातीत आढळणाऱ्या गाठी आणि सारकॉइडोसिस

रायगड जिल्ह्यातील कर्जत व खालापूर तालुक्यांतील कर्करोगाचे रुग्ण उपचारांसाठी बहुधा मुंबईची वाट धरतात. परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ पासून या कार्यात आहे. कर्जत वा खोपोलीहून तेथे लोकलने जाता येते. उपचार संपल्यावरही ठराविक मुदतीने तपासणी करावी लागते. अशा एखाद्या तपासणीत छातीतील लसीका ग्रंथी वाढलेल्या दिसतात आणि निदान होण्यापूर्वीच ‘रोग उलटला’ अशी समजूत घरात पक्की होते. कोणी उपचारच सोडून देतो, कोणी जमीन विकण्यास निघतो.

वस्तुतः अशा गाठींचे कारण सारकॉइडोसिस किंवा तत्सम प्रतिक्रिया हेही असू शकते. या विकारात शरीराच्या संरक्षक पेशी एकवटून सूक्ष्म गाठी निर्माण करतात. त्या मुख्यत्वे फुप्फुसांत व लगतच्या ग्रंथींत, कधी त्वचेत वा डोळ्यांत आढळतात. हा विकार संसर्गजन्य नाही आणि कर्करोगही नव्हे. नाव मात्र कर्करोगाच्या घरातून आलेले आहे! नॉर्वेचे त्वचारोगतज्ज्ञ सीझर बोक यांना १८९९ मध्ये या गाठी सार्कोमा नामक कर्करोगासारख्या भासल्या, परंतु त्या घातक वाटल्या नाहीत. म्हणून त्यांनी ‘सारकॉइड’, म्हणजे सार्कोमासदृश, हा शब्द योजिला. स्तन, वृषण व लसीका ग्रंथी यांच्या कर्करोगानंतर, तसेच प्रतिकारशक्ती चेतविणाऱ्या नव्या औषधांनंतर अशा गाठी उद्भवल्याच्या नोंदी आहेत.

पेट स्कॅनने हा प्रश्न सुटत नाही. त्यात किरणोत्सारी खूण केलेली साखर टोचतात. कर्करोगाच्या पेशी ती अधिक शोषतात व चित्रात उजळतात. परंतु दाहाची जागाही तशीच उजळते. म्हणून श्वासनलिकेतून दुर्बीण घालून ग्रंथीचा नमुना सुईने काढणे बहुधा आवश्यक ठरते.

आपल्याकडे येथे तिसरा प्रतिस्पर्धी उभा असतो, तो क्षयरोग. त्याच्या सूक्ष्म गाठींच्या मध्यभागी पेशी मरून चीजसारखा पदार्थ होतो, सारकॉइडोसिसमध्ये तो सहसा नसतो. हा भेद दर वेळी स्पष्ट दिसेलच असे नाही, यास्तव नमुना क्षयजंतूंच्या तपासणीसाठीही पाठवावा लागतो. सारकॉइडोसिसवर स्टिरॉइड देतात. तेच क्षयरोग्यास एकट्याने दिले गेल्यास रोग बळावतो. उलटपक्षी, केवळ सावली पाहून क्षयाची औषधे सुरू केल्यास काही महिने व्यर्थ जातात. खडी फोडण्याचे किंवा ओतशाळेतील काम केलेल्यांच्या ग्रंथी सिलिकाच्या धुळीनेही वाढतात, म्हणून रुग्णाने आपला पूर्वीचा व्यवसाय डॉक्टरांस आवर्जून सांगावा.

सारकॉइडोसिस ठरला तरी अनेकांना औषध लागत नाही. गाठी आपोआप ओसरतात. डोळे, हृदय वा मज्जासंस्था बाधित असल्यास मात्र उपचार टाळता येत नाहीत. या विकारात रक्तातील कॅल्शियम वाढू शकते. स्तनाच्या कर्करोगानंतर हाडांसाठी कॅल्शियम व ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या चालू असतील तर त्या डॉक्टरांना दाखवूनच पुढे घ्याव्यात. कर्करोगाची नियमित तपासणीही थांबवू नये, कारण एका ग्रंथीत सारकॉइडोसिस आढळला म्हणजे अन्यत्र कर्करोग नाही असे सिद्ध होत नाही.

मुंबईस निघताना केवळ ताजा फोटो नेणे पुरेसे नसते. पहिल्या कर्करोगाच्या नमुन्याच्या काचपट्ट्या व मेणात जपलेले ठोकळे रुग्णालयाकडून मागून घेता येतात. नवा नमुना त्यांच्याशी ताडून पाहता येतो.