गोठवलेला अवयव पुन्हा जागा होईल का?

जीवशास्त्राच्या तासाला मला एक प्रश्न हमखास विचारला जातो : "सर, वीर्य आणि भ्रूण वर्षानुवर्षे गोठवून ठेवतात, मग मूत्रपिंड का नाही?" प्रश्न रास्त आहे. बर्फात ठेवलेले मूत्रपिंड फार तर दीड दिवस आणि हृदय चार ते सहा तास टिकते. तेवढ्या वेळात ते योग्य रुग्णापर्यंत पोचले नाही, तर दात्याचे दान वाया जाते.

येथे घात करतो तो बर्फ. पेशींबाहेरचे पाणी गोठू लागले की उरलेले पाणी अधिक खारट होते आणि पेशींतील पाणी ओढून घेते. स्फटिक नाजूक रक्तवाहिन्याही फोडतात. १९४९ साली पोल्ज, स्मिथ व पार्क्स यांनी ग्लिसरीनच्या साहाय्याने कोंबड्याचे वीर्य गोठवून वाचवले. परंतु अवयवात पेशी वाचल्या आणि रक्तवाहिन्या फुटल्या, तर उपयोग काय?

यावर उपाय म्हणजे बर्फ होऊच न देणे. साखरेचा घट्ट पाक झटकन थंड केला की दाणे न धरता काचेसारखा थिजतो. तसेच संरक्षक द्रव्ये भरून पेशीतील पाणी थिजवता येते. १९८५ साली रॉल व फाही यांनी उंदरांचे भ्रूण असे जपले. मात्र ही द्रव्ये जास्त झाली की विषारी ठरतात.

खरी कसोटी ऊब देताना लागते. बाहेरून तापवलेला अवयव आत थंडच राहतो. मग आत बर्फ धरतो, नाहीतर ताणाने तडे जातात. गार पेल्यात उकळता चहा ओतावा तसे. २०२३ साली मिनेसोटा विद्यापीठातील संशोधकांनी उंदरांच्या मूत्रपिंडांच्या रक्तवाहिन्यांत लोह ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण भरले आणि बदलत्या चुंबकीय क्षेत्राने ती आतूनच तापवली. १०० दिवसांपर्यंत थिजवून ठेवलेली मूत्रपिंडे रोपणानंतर पाच उंदरांत काम करू लागली.

उंदराचे मूत्रपिंड एक-दीड ग्रॅमचे, माणसाचे सुमारे दीडशे ग्रॅमचे. आकार वाढतो तसे घनफळ पृष्ठभागापेक्षा वेगाने वाढते, हे आपण शाळेतच शिकलो. म्हणून मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगतो : या प्रश्नाचे अर्धे उत्तर शेजारच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत आहे. तिकडेही जात जा.