बाबासाहेबांचा कायदेविचार आणि आपले कर्तव्य

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे भारतीय राज्यघटनेचे शिल्पकार, हे आपल्या वस्तीतील लहान मूलही सांगते. परंतु कायदा का पाळावा, तो अन्यायकारक असेल तर काय करावे आणि मिळालेले स्वातंत्र्य कसे टिकवावे, यासंबंधी बाबासाहेबांचे विचार काय होते, याचा अभ्यास आपल्याकडे पुरेसा होत नाही. त्यासाठी महाडचे उदाहरण घेऊ.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलने रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर केला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा तो ठराव होता. त्यानुसार महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केले. हक्क कागदावर आला, पण ओंजळीत पाणी आले नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आणि त्यांचे हजारो अनुयायी तळ्यावर गेले व पाणी प्याले. न बजावलेला हक्क हा हक्कच राहत नाही, हा महाडचा पहिला धडा होय.

दुसरा धडा आपण बहुधा विसरतो. त्याच वर्षी डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला होता. परिषद भरण्यापूर्वीच सनातन्यांनी दिवाणी न्यायालयातून मनाई हुकूम मिळवला. २५ डिसेंबरला परिषदेत मनुस्मृतीचे दहन झाले. लोक तुरुंगात जाण्यास तयार होते. तरीही बाबासाहेबांनी त्यांची समजूत घालून सत्याग्रह तहकूब केला. मिरवणूक तळ्यापर्यंत गेली आणि पाण्याला हात न लावता परतली.

मनुस्मृती जाळणाऱ्यांनी न्यायालयाचा हुकूम का मानला? आम्हाला वाटते, फरक असा की मनुस्मृतीत शूद्रातिशूद्रांना दाद मागण्याची सोयच नव्हती. न्यायालयात ती होती. ही माघार नव्हती. लढाईची जागा तेवढी बदलली. खटला महाडच्या न्यायालयात १९३१ पर्यंत चालला, १९३३ साली आपल्या ठाण्याच्या न्यायालयाने अपील फेटाळले आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. बंदीची रूढी अनादी काळापासून चालत आल्याचे वादींना सिद्ध करता आले नाही. नऊ वर्षांहून अधिक काळ बाबासाहेबांनी धीर सोडला नाही.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीतील भाषणात त्यांनी हाच विचार देशापुढे ठेवला. घटनात्मक मार्ग उपलब्ध नव्हते तेव्हा इतर मार्गांचे समर्थन करता येत होते. ते उपलब्ध झाल्यावर सत्याग्रह, असहकारही सोडून द्यावेत, असे त्यांनी बजावले. कितीही थोर पुरुष असला तरी त्याच्या पायाशी आपले स्वातंत्र्य वाहू नये, आणि राजकीय समतेला सामाजिक, आर्थिक समतेची जोड न मिळाल्यास लोकशाहीचा डोलारा कोसळेल, हेही सांगितले. म्हणजे कायदा पाळणे हे मुकाट्याने सोसणे नव्हे. प्रश्न विचारणे हेही नागरिकाचे कर्तव्यच आहे.

आता आपल्याकडे पाहू. शेजारच्या शहापूर तालुक्यात तानसा, भातसा ही धरणे आहेत. त्यांचे पाणी मुंबईला जाते आणि त्याच तालुक्यातील कित्येक पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. चवदार तळ्याचा प्रश्न जातीच्या बंदीचा होता, हा वाटपाचा आहे. पण पाण्यावर हक्क कोणाचा, हा सवाल तोच. तो सोडवण्याची साधने आज हाताशी आहेत. ग्रामसभा आहे. २००५ चा माहितीचा अधिकार कायदा आहे. दहा रुपये शुल्क भरून केलेल्या अर्जाला साधारणपणे तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. परंतु ग्रामसभेला आपल्यापैकी किती जण जातात? बँकेच्या काउंटरवर बसून आम्ही रोज पाहतो, माणसे अर्ज देतात, पण पोचपावती मागायला कचरतात. पोच नसेल तर पुढे दाद कशाच्या आधारे मागणार?

जयंतीला आपण वर्गणी देतो, मिरवणूक काढतो, ते योग्यच आहे. त्याबरोबर प्रत्येक घरातील एकाने तरी ग्रामसभेला हजर राहावे, अर्ज लेखी द्यावा, पोच घ्यावी आणि निकाल लागेपर्यंत पाठपुरावा सोडू नये. महाडच्या खटल्याने शिकवलेली चिकाटी अंगी बाणवणे, हेच बाबासाहेबांना खरे अभिवादन ठरेल.