किशोरवयीन मधुमेही आणि इन्सुलिन पंप : सुरुवात करण्यापूर्वी

मधुमेह हा उतारवयाचा विकार, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. बालवयात जडणारा पहिल्या प्रकारचा मधुमेह मात्र निराळा. त्यात शरीराचीच संरक्षणयंत्रणा स्वादुपिंडातील इन्सुलिन निर्माण करणाऱ्या पेशी नष्ट करते. पथ्य, गोळ्या वा काढे यांनी ती उणीव भरून निघत नाही. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटो येथे ज्याला प्रथम इन्सुलिन टोचले गेले, तो लिओनार्ड थॉम्पसन १४ वर्षांचा मुलगा होता.

इन्सुलिन पंप हे कमरेला लावता येणारे लहानसे यंत्र आहे. त्यातील जलद परिणामी इन्सुलिन बारीक नळीतून त्वचेखाली बसविलेल्या मऊ कॅन्युलाद्वारे शरीरात जाते. दिवसरात्र थेंबाथेंबाने मिळणारी मात्रा 'बेसल', तर जेवणाच्या वेळी बटण दाबून घ्यावयाची मात्रा 'बोलस' होय. साखर मोजणाऱ्या सेन्सरला जोडलेले नवे पंप बेसल आपोआप कमीजास्त करतात. तथापि ताटात काय आहे, हे बहुतेक यंत्रांना माणसानेच सांगावे लागते.

म्हणून पहिला धडा स्वयंपाकघरात गिरवावा. सुमारे ५० ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीत साधारण ३५ ग्रॅम कर्बोदके असतात. डॉक्टरांनी १० ग्रॅमला १ युनिट असे प्रमाण ठरवून दिले असेल, तर त्या भाकरीसाठी साडेतीन युनिट होतात. भात, उसळ, शेंगदाण्याची चटणी यांचा हिशेब काही आठवडे वहीत लिहिण्याची सवय लागली, की पंप शिकणे सोपे जाते. जे मूल दिवसातून किमान ४ वेळा साखर तपासण्यास कंटाळते, त्याला पंप देण्याची घाई करू नये.

दुसरा धडा अधिक गंभीर आहे. पंपावरील रुग्णाच्या शरीरात दीर्घकाळ टिकणाऱ्या इन्सुलिनचा साठा नसतो. नळी दुमडली, कॅन्युला निसटला वा बॅटरी संपली, तर काही तासांतच रक्तात कीटोन नावाची आम्लद्रव्ये वाढू लागतात. मळमळ, पोटदुखी, धाप ही त्याची लक्षणे. पुष्कळदा ती 'पित्त' समजून घरी दडपली जातात आणि मूल बेशुद्धावस्थेत रुग्णालयात येते. साखर २५० मिलिग्रॅमच्या वर गेली व दुरुस्तीची मात्रा देऊनही तासाभरात उतरली नाही, तर कीटोन तपासावेत, पुढची मात्रा पंपाने न देता पेनने टोचावी आणि कॅन्युलाचा संच बदलावा. उलट्या सुरू झाल्यास वाट न पाहता रुग्णालय गाठावे. पंप असला तरी पेन व इन्सुलिन घरी आणि दप्तरात हवेच.

किशोरवयाची अडचण केवळ वैद्यकीय नसते. वाढीच्या संप्रेरकांमुळे या वयात इन्सुलिनची गरज वाढते, पहाटे साखर चढते. मुलींमध्ये पाळीपूर्वी हा चढउतार अधिक जाणवतो. त्यातच आपण इतरांपेक्षा वेगळे दिसू नये, ही इच्छा. पुढे लग्नात अडथळा नको म्हणून आजार लपविणारी कुटुंबे थोडी नाहीत. (अशा घरात पंपाचा गजर शाळेत बंद करून ठेवला जातो, हे पालकांना फार उशिरा कळते.) निदान वर्गशिक्षक व एक जवळचा मित्र यांना माहिती असावीच. दसऱ्याला विट्याच्या पालखी शर्यतीत धावायचे, तर बेसल किती व केव्हा कमी करायचे हे आधीच डॉक्टरांशी ठरवावे आणि खिशात ग्लुकोजची पुडी ठेवावी. साखर ७० च्या खाली आल्यास १५ ग्रॅम ग्लुकोज घेऊन १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे.

खानापूर तालुक्यातील अनेक कुटुंबे सोन्याचांदीच्या गलाई व्यवसायानिमित्त देशभर विखुरलेली आहेत. आईवडील परप्रांतात आणि मूल आजीजवळ, हे चित्र येथे नवे नाही. त्यामुळे प्रशिक्षणास आजीलाही बसवावे. आणीबाणीच्या सूचना मोठ्या मराठी अक्षरांत लिहून भिंतीवर लावाव्यात. उन्हाळ्यात सुटे इन्सुलिन शीतकपाटात, वीज नसल्यास ओल्या माठात ठेवावे. अंगावरील पंप थेट उन्हापासून जपावा.

आता देणगीदारांसाठी. यंत्राची किंमत लाखाच्या घरात जाते व ती एकदाच द्यावी लागते, म्हणून यंत्र भेट देण्याकडे स्वाभाविक कल असतो. परंतु कॅन्युलाचा संच दर २ ते ३ दिवसांनी बदलावा लागतो. म्हणजे वर्षाला किमान १२० संच, शिवाय इन्सुलिन, तपासणीच्या पट्ट्या वा सेन्सर. नागपूरचा ड्रीम ट्रस्ट १९९५ पासून गरीब मधुमेही मुलांना मदत करीत आला आहे. त्या कामाचा पाया मोफत इन्सुलिनचा नियमित पुरवठा हाच आहे. पंप सुचविताना हा वार्षिक खर्च कोण व किती वर्षे उचलणार, हे कुटुंबाबरोबर बसून आधी कागदावर मांडावे. तेवढी तरतूद होत नसेल, तर तीच रक्कम पेन, इन्सुलिन आणि पट्ट्यांसाठी देणे अधिक हिताचे. दिवसाला ४ इंजेक्शने नियमित घेणारे मूल अर्ध्यावर पंप सोडावा लागलेल्या मुलापेक्षा सुरक्षित असते.