टेबलावरचा डोंगर

उरुसात किंवा जत्रेत तुम्ही फोटोवाल्याचा तंबू पाहिला आहे का? हल्ली तो क्वचितच दिसतो. तुमच्या अब्बांना किंवा दादाजानांना विचारा. ते हसून सांगतील. तंबूत मागच्या बाजूला एक मोठा रंगवलेला पडदा असे. त्यावर ताजमहाल, नाहीतर बाग आणि कारंजे. पडद्यापुढे मान ताठ करून उभे राहिले की झाले! जळगाव-धुळ्याकडचा शेतकरी फोटोत थेट आग्र्याला पोहोचे.

असे पडदे रंगवणे मात्र सोपे नव्हते. जाड सुती कापड लाकडी चौकटीवर ताणून बसवत. त्यावर सरस आणि खडूची पूड यांचा हात देत. मग सरसाच्या कोमट पाण्यात रंग कालवत. तेलरंग दिव्याच्या उजेडात चकाकतो आणि पडदा गुंडाळला की तडकतो, म्हणून तो टाळत. सरसाच्या रंगाची एक खोड असते. ओला असताना तो गडद दिसतो आणि वाळल्यावर फिका पडतो. त्यामुळे कारागिराला समोरच्या रंगावर विश्वास ठेवून चालत नसे. उद्या तो कसा दिसेल, हे त्याला आजच ठाऊक असावे लागे.

नाटकांसाठीही असे पडदे लागत. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री हे दोघे या कामात इतके प्रसिद्ध झाले, की लोक त्यांना ‘पेंटर’ म्हणू लागले. बाबूराव पेंटर पुढे चित्रपट काढू लागले.

या सर्व कारागिरांना एक गोष्ट पक्की माहीत होती. आपला डोळा वस्तू मोजत नाही, तो तुलना करतो. लांबचा डोंगर निळसर आणि पुसट काढला, की तो लांब जातो. रस्त्याच्या कडा जवळ आणत नेल्या, की रस्ता मैलभर वाटतो. अमेरिकेत १९५५ साली डिस्नेलँड हे मोठे करमणूक उद्यान उघडले. तेथील किल्ला जेमतेम ७७ फूट उंच आहे, पण त्याचे दगड वर वर लहान होत जातात. त्यामुळे तो खूप उंच भासतो. युक्ती तीच, फक्त कापडाऐवजी बांधकाम!

ही युक्ती आपल्या खानदेशात एका माणसाने टेबलावर करून दाखवली. त्यांचे नाव केकी मूस. त्यांचा जन्म १९१२ साली मुंबईत एका पारशी कुटुंबात झाला. इंग्लंडमध्ये कलेचे शिक्षण घेऊन ते चालीसगावला परतले आणि घरातच राहू लागले. एक-दोन प्रसंग सोडले, तर सुमारे पन्नास वर्षे ते घराबाहेर पडले नाहीत. मग डोंगर, झाडे, वाटा कोठून आणणार? त्यांनी त्या घरातल्या साध्या वस्तूंतून टेबलावर मांडल्या आणि त्यांची छायाचित्रे काढली. त्या छायाचित्रांना अनेक बक्षिसे मिळाली.

अशा छायाचित्राचे काम फार चिकाटीचे असते. कॅमेरा पार खाली, इवल्याशा झाडाच्या उंचीवर आणावा लागतो. एका बाजूने खालून दिवा लावला, तर संध्याकाळ होते. लांब सावल्या पडतात. मूठभर वाळूची टेकडी होते आणि वाळकी काडी वठलेले झाड बनते. पण एखादी माशी येऊन बसली, की संपले! माशी केवढी असते, हे डोळ्याला ठाऊक आहे. क्षणात टेकडीची पुन्हा मूठभर वाळू होते. मला तर वाटते, वस्तू मांडण्यापेक्षा नको ती वस्तू दूर ठेवणेच यात अधिक कठीण असावे.

केकी मूस ३१ डिसेंबर १९८९ रोजी वारले. चालीसगाव रेल्वे स्टेशनजवळचे त्यांचे दगडी घर आता त्यांच्या कलेचे संग्रहालय आहे. तेथे गेलात, तर एखाद्या छायाचित्रापुढे थांबा. त्यातला डोंगर किती उंच असेल, याचा अंदाज आधी मनात करा. मग तो कशाचा केला असेल, ते शोधा.