दोष कोणाचा? : मोटारसायकलीच्या तारांचा एक धडा

गेल्या पावसाळ्यांतील एका रात्रीं आम्ही मोटारसायकलीवरून घाट उतरत होतों. अर्ध्या वाटेवर पुढचा दिवा एकाएकीं मंद झाला, दोनदां लुकलुकला आणि विझला. खड्डा आला कीं क्षणभर पेटे व पुन्हां मालवे. पाठीमागें बसलेल्या आमच्या मुलानें हातांतील विजेरी रस्त्यावर धरली, आणि पायीं चालण्याच्या गतीनें आम्ही कसेबसे खालीं आलों. दुसऱ्या दिवशीं आम्हीं मिस्त्रीकडून नवी बॅटरी घेतली. चार दिवसांनीं दिवा पुन्हां विझला. तेव्हां, मिस्त्रीनें वाईट माल आमच्या गळ्यांत बांधला, असें आम्हीं त्यास चारचौघांत बोलून दाखविलें. वास्तविक बॅटरीही निर्दोष होती व मिस्त्रीही. दोष कोठें होता व तो कसा सांपडला, हें विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांसही उपयोगी पडेल, म्हणून येथें सांगतों.

वीज बॅटरीच्या धन टोंकापासून निघते. फ्यूज, किल्लीचा खटका व दिव्याचा खटका यांतून दिव्यांत जाते, आणि ऋण टोंकाकडे परत येते. हा फेरा पुरा झाल्यावांचून दिवा लागत नाहीं. परतीच्या वाटेसाठीं गाडीच्या लोखंडी सांगाड्याचाच उपयोग पुष्कळदां केलेला असतो. दिव्याकडून येणारी तार एका बोल्टानें सांगाड्यास आवळतात व सांगाडा बॅटरीच्या ऋण टोंकास जोडलेला असतो. या जोडणीस अर्थिंग म्हणतात. दिवा बिघडला म्हणजे आपण दिव्याकडे जाणारी तार तपासतों. परतीची वाट मात्र विसरतों.

ज्या नियमावर हें सर्व शोधकाम चालतें, तो गेओर्ग ओहम नांवाच्या जर्मन शिक्षकानें १८२७ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केला. वाटेंत रोध वाढला कीं प्रवाह घटतो, हें त्याचें सार. आतां आंकडे पाहा. ६० वॅटचा दिवा १२ व्होल्टच्या दाबावर ५ अँपिअर प्रवाह घेतो. म्हणजे त्याचा रोध २.४ ओहम झाला. एका गंजलेल्या जोडाचा रोध अवघा ०.४ ओहम धरूं. एकूण रोध २.८ ओहम होऊन प्रवाह सुमारें ४.३ अँपिअरवर उतरतो. १.७ व्होल्ट त्या जोडांतच खर्ची पडतात व दिव्यास १०.३ उरतात. दिव्याच्या तंतूचा रोध सोईसाठीं कायम धरला, तर ६० वॅटांऐवजीं त्यास सुमारें ४४ वॅटच मिळतात. आणि ७ वॅटांहून अधिक शक्ति त्या जोडास तापविण्यांत वायां जाते. तापल्यानें गंज वाढतो, गंजानें रोध वाढतो. असा तो जोड स्वतःचा नाश ओढवून घेतो.

आम्ही फसलों तें येथेंच. दिवा काढून ठेवून होल्डरांतील दाब मोजला, तों मल्टीमीटर पुरे १२ व्होल्ट दाखवी. म्हणून तारांवर संशय आला नाहीं. परंतु दिवा जोडलेला नसतां प्रवाहच वाहत नाहीं. आणि प्रवाह नसला म्हणजे सदोष जोडांतही दाब खर्च होत नाहीं. अंगावर काम पडल्यावांचून जोडाची परीक्षा होत नाहीं.

खरी परीक्षा अशी करावी. दिवा जोडून तो लावून ठेवावा. मल्टीमीटर डी. सी. च्या २० व्होल्टच्या खुणेवर ठेवून त्याची काळी कांडी बॅटरीच्या ऋण टोंकास व तांबडी दिव्यामागील परतीच्या तारेस लावावी. वाट चांगली असेल, तर आंकडा ०.१ ते ०.२ व्होल्टांहून अधिक नसावा. आमच्या गाडीवर तो दीड व्होल्टांहून अधिक आला. मग तांबडी कांडी पुढें पुढें नेली. बोल्टाखालील तारेच्या चकतीवर आंकडा तोच. बोल्टाच्या शेजारीं सांगाड्याच्या उघड्या धातूवर मात्र जवळजवळ शून्य! चकती व सांगाडा यांमध्यें केंसाएवढें अंतर. दोष त्या अंतरांतच होता. बोल्ट सैल पडून आंत पाणी शिरलें होतें व गंज चढला होता.

प्रथम बॅटरीचें ऋण टोंक सोडविलें. धन टोंक आधीं सोडवितांना पाना सांगाड्यास लागला, तर ठिणग्या उडतात. नंतर बोल्ट काढून गंज व रंग पॉलिश कागदानें घांसला; धातु चकचकीत होतांच दांतेरी वॉशर घालून बोल्ट घट्ट आवळला, आणि वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ थर दिला. शेवटीं ऋण टोंक जोडून पुन्हां मोजलें. आंकडा ०.१ व्होल्टाच्या आंत आला.

आणखी दोन जागा ध्यानांत ठेवाव्या. हँडल वळतें तेथें तारा रोज वांकतात. वरचें आवरण शाबूत राहून आंतील तांब्याचे तंतु तुटतात. दिवा लावून हँडल डावीकडे-उजवीकडे फिरवावें. तो लुकलुकला तर दोष तेथें. दुसरी जागा कनेक्टरांची. त्यांत हिरवट थर दिसल्यास साफ करावा. तुटलेली तार नुसती पिळून तीवर चिकटपट्टी गुंडाळूं नये. स्वच्छ तांबें दिसेपर्यंत तार सोलावी, डाख द्यावा व उष्णतेनें आकसणारी नळी वर चढवावी. डाखाचें काम पेट्रोलच्या टाकीपासून दूर व वडील माणसांच्या देखत करावें. फ्यूज उडाला तर त्याच्या जागीं तांब्याची तार किंवा अधिक अँपिअरचा फ्यूज कधींही घालूं नये, तारा पेटतात.

त्याच सायंकाळीं आम्ही मिस्त्रीकडे गेलों व चारचौघांत बोललेले शब्द चारचौघांतच परत घेतले. तो हंसून म्हणाला, “मास्तर, आधी तारा बघायच्या, मग पाकीट उघडायचं.” आमची जुनी बॅटरी आतां शाळेच्या प्रयोगशाळेंत आहे. ती चांगली चालते. एक दिवा व एक गंजका बोल्ट तिच्याजवळच ठेवला आहे. वर दिलेलें गणित ज्यांना स्वतः पडताळून पाहावयाचें असेल, त्यांनीं शनिवारीं शाळा सुटल्यावर यावें.