ओल, चुना आणि जुने घर

१. घर आणि त्याचे नवे मालक

बंगळूर शहरातील मल्लेश्वरम व बसवनगुडी या वस्त्यांची आखणी १८९० नंतरच्या दशकात झाली. १८९८ साली शहरात प्लेगची साथ आली तेव्हा दाट पेठांतील लोक बाहेर पडले आणि या मोकळ्या, हवेशीर वस्त्या भरू लागल्या. पुढील चाळीस-पन्नास वर्षांत तेथे बांधलेल्या घरांपैकी काही आजही उभी आहेत. मंगलोरी कौलांचे उतरते छप्पर किंवा चुन्याचे धाबे, लाल गुळगुळीत जमीन, जाड भिंती आणि खिडक्यांवर ‘मंकी टॉप’ नावाची टोकदार लाकडी झड, ही त्यांची ओळख होय.

असे एक घर विकत घेतलेले दांपत्य उदाहरणादाखल डोळ्यांपुढे आणावे. दोघेही बेळगावकडील असून नोकरीनिमित्त बंगळुरास स्थायिक झालेले आहेत. त्यांना चार वर्षांची मुलगी आहे. घर घेण्यात बचत खर्ची पडल्यामुळे दुरुस्तीचे जेवढे काम स्वतःच्या हातांनी होईल तेवढे करावे, असा त्यांचा निश्चय आहे. वास्तुशांतीचा मुहूर्त तीन महिन्यांवर आहे आणि त्यानंतर लगेच भाड्याची जागा सोडावयाची आहे. बैठकीच्या भिंतीवर जमिनीपासून कमरेइतक्या उंचीपर्यंत ओल असून गिलाव्याचे पोपडे निघत आहेत व पांढरा लोणा फुटला आहे.

अशा वेळी पहिला विचार मनात येतो तो हा की, पोपडे काढावेत, सिमेंटचा पक्का गिलावा चढवावा आणि वर प्लॅस्टिक रंगाचे दोन हात द्यावेत. आठवड्याभरात भिंत नव्यासारखी दिसेल. परंतु एक-दोन पावसाळ्यांनंतर ओल कमरेऐवजी खांद्याच्या उंचीवर दिसण्याचा संभव फार असतो. असे का होते हे समजल्यास या दांपत्याचा पैसा आणि श्रम दोन्ही वाचतील.

२. पाणी भिंतीत कसे चढते

वीट, चुना व दगडांमधील दर्जा हे सर्व पदार्थ सच्छिद्र असतात. त्यांतील सूक्ष्म छिद्रांत पाणी गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध वर चढते. दिव्याची वात तेल ओढून घेते त्यामागे हेच तत्त्व असून त्यास केशाकर्षण म्हणतात. छिद्र जितके बारीक तितके पाणी अधिक उंच चढते. एक मिलिमीटर त्रिज्येच्या स्वच्छ काचेच्या नळीत ते सुमारे १५ मिलिमीटर चढते, तर ०.०१ मिलिमीटर त्रिज्येच्या नळीत सुमारे दीड मीटर चढू शकते.

मग पाणी छतापर्यंत का पोहोचत नाही? कारण वर चढणारे पाणी वाटेतच भिंतीच्या पृष्ठभागावरून हवेत उडून जाते. भिंतीतील पाण्याचाही असा एक जमाखर्च असतो. पायातून येणारे पाणी ही जमा आणि बाष्पीभवन हा खर्च. ज्या उंचीवर दोहोंचा मेळ बसतो तेथे ओलीची रेघ स्थिर होते. पाण्याबरोबर आलेले क्षार मात्र उडून जात नाहीत. ते त्या रेघेजवळ साचतात, त्यांचे स्फटिक वाढतात आणि त्यांच्या दाबाने गिलावा फुटतो. हाच लोणा.

आता या भिंतीवर सिमेंटचा दाट गिलावा व प्लॅस्टिक रंग चढविल्यास काय होईल? जमा पूर्वीइतकीच राहील, परंतु खर्चाची वाट अरुंद होईल. जेथे गिलावा संपतो तेथपर्यंत पाण्याला चढावे लागेल. ओल बरी झाली नसून ती केवळ वर सरकली आहे.

करून पाहण्याजोगा प्रयोग : दोन जुन्या भाजक्या विटा घ्याव्यात. एकीच्या चारही उभ्या बाजूंना प्लॅस्टिकचा कागद घट्ट गुंडाळावा, पण माथा व तळ उघडे ठेवावेत. दुसरी तशीच असू द्यावी. दोन्ही विटा मिठाच्या पाण्याने भरलेल्या ताटात उभ्या ठेवाव्यात आणि पाणी कमी होईल तसे घालीत जावे. काही दिवसांनी उघड्या विटेच्या अंगावर मिठाचा पांढरा थर दिसू लागेल. गुंडाळलेल्या विटेचे मीठ मुख्यतः तिच्या माथ्यावर गोळा झालेले आढळेल. सिमेंटने झाकलेल्या भिंतीची हीच अवस्था होते.

३. आधी निदान, मग उपचार

प्रत्येक ओल जमिनीतूनच येते असे नाही. छपराची गळती, फुटलेला नळ, तुंबलेली पन्हळ, किंवा थंड भिंतीवर साचणारी खोलीतील वाफ, ही तिची इतर कारणे होत. दांपत्याने दुरुस्तीस हात घालण्यापूर्वी पुढील तपासणी करावी.

ओलसर जागी वीतभर चौरस ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा चारही कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर बसवावा. एक-दोन दिवसांनी त्याच्या खोलीकडील बाजूस पाण्याचे थेंब दिसल्यास ती हवेतील वाफ होय. भिंतीकडील बाजू ओली असल्यास पाणी भिंतीतून येत आहे. ओलीच्या वरच्या कडेवर पेन्सिलीने रेघ ओढून तारीख लिहावी व दर आठवड्यास पाहावे. पावसाशी संबंध नसताना ओल वाढत असेल तर जवळच्या नळाचा संशय घ्यावा.

यानंतर घराबाहेर जाऊन जोत्याकडे पाहावे. वर्षानुवर्षे अंगणात माती भरली जाते, त्यावर फरशी बसविली जाते आणि बाहेरची जमीन जोत्याच्या वर येते. तसे झाल्यास भिंत पाण्यात उभी असल्यासारखीच असते. ती माती वीतभर खाली उतरविणे आणि पाणी घरापासून दूर वाहील असा उतार देणे, हे फावड्याने करता येण्याजोगे काम आहे व त्याचा परिणाम कोणत्याही महागड्या रसायनाहून अधिक टिकाऊ असतो. खिडकीवरील लाकडी झड ही केवळ शोभा नव्हे, पावसाचा झोत ती भिंतीपासून दूर ठेवते. ती मोडली असल्यास सुताराकडून नीट करून घ्यावी.

४. चुन्याचे रसायन

या घरांच्या बांधणीत चुन्याला मोठे स्थान आहे. चुनखडीचा दगड सुमारे ९०० अंश सेंटिग्रेडपर्यंत भाजला असता त्यातील कार्बन डायऑक्साइड वायू निघून जातो. शुद्ध दगडाच्या १०० भाग वजनातून ५६ भाग कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी घातले की तो उकळतो, फुलतो व विरतो. हा विरलेला चुना वाळूत मिसळून भिंतीवर लावल्यावर तो हवेतील कार्बन डायऑक्साइड पुन्हा हळूहळू शोषून घेतो आणि अखेरीस कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडीचाच पदार्थ बनतो. भट्टीत गमावलेले ते भिंतीवर परत मिळविते. विटांची बारीक पूड म्हणजे सुर्खी मिसळल्यास चुना तिच्याशीही संयोग पावतो व दमट जागी अधिक चांगला घट्ट होतो.

चुन्याचा गिलावा सिमेंटच्या मानाने मऊ व सच्छिद्र असतो. मऊ असल्याने जुनी भिंत किंचित हलली तरी तो ते सोसतो. सच्छिद्र असल्याने पाण्याची वाफ त्यातून बाहेर पडते. क्षारांमुळे काही वर्षांनी तो खराब झालाच तर गिलावा जातो, पण आतील वीट वाचते. गिलावा पुन्हा करता येतो. भिंत पुन्हा बांधणे सोपे नाही.

येथे सिमेंटची निंदा करण्याचा हेतू नाही. इंग्लंडमध्ये जोसेफ ॲस्पडिन याने १८२४ साली पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले, आणि भारतात १९१४ साली पोरबंदर येथे त्याचे उत्पादन सुरू झाले. आजच्या काँक्रीटच्या इमारती त्यावरच उभ्या आहेत. तात्पर्य इतकेच की, ठिगळ मूळ कापडाच्या जातीचे असावे.

५. दोघांच्या हातांनी होणारे काम

कामाचा क्रम नेहमी वरून खाली असावा : प्रथम छप्पर, मग भिंती, शेवटी जमीन. बंगळुरात वर्षाला सरासरी सुमारे ९७ सेंटिमीटर पाऊस पडतो आणि त्याचे प्रमाण सप्टेंबरात सर्वाधिक असते. जानेवारी ते मार्च हे महिने कोरडे असल्यामुळे छपराची कामे त्या काळात उरकावीत.

फुटलेली कौले बदलणे व पन्हळी साफ करणे सोपे असले, तरी कौलांवर पाय देऊन चालू नये. भक्कम शिडीवरून व फळी टाकून काम करावे. घराचे छत ‘मद्रास टेरेस’ पद्धतीचे असल्यास त्यात लाकडी तुळयांवर बारीक विटा कडेवर, तिरक्या रांगांत चुन्यात बसविलेल्या असतात व वर विटांच्या तुकड्यांचा आणि चुन्याचा कोबा असतो. अशा धाब्यावरील पाणी काढून देणारी मोरी तुंबू न देणे ही पहिली दुरुस्ती होय. गळती थांबविण्यासाठी त्यावर सिमेंटचा जाड थर ओतल्यास तुळयांवरील भार वाढतो.

ओल्या भिंतीवरील सुटा गिलावा करणीने काढावा, दर्जातील भुसभुशीत चुना खरवडून ब्रशाने झाडावा आणि लोणा कोरडाच झाडून घराबाहेर टाकावा. तो पाण्याने धुतल्यास क्षार पुन्हा आत जातात. मग भिंत काही काळ उघडीच राहू द्यावी. नव्या गिलाव्यास एक भाग चुना व तीन भाग स्वच्छ वाळू हे सर्वसाधारण प्रमाण आहे. गिलावा पातळ थरांत द्यावा व काही दिवस पाणी शिंपडून तो एकदम सुकू देऊ नये. वर चुन्याची सफेदी करावी.

चुना हाताळताना हातमोजे व डोळ्यांवर चष्मा अवश्य असावा. तो डोळ्यांत गेल्यास निदान पंधरा-वीस मिनिटे भरपूर पाण्याने डोळे धुवावेत व तत्काळ डॉक्टरांकडे जावे. चुना घरी विरविण्याऐवजी विरलेला आणणेच श्रेयस्कर होय.

लाल जमीन शक्यतो फोडू नये. तिचा रंग लोहाच्या ऑक्साइडचा, म्हणजे गेरूच्याच जातीचा असतो. तिला आम्लाचा स्पर्श होऊ देऊ नये. सौम्य साबणाच्या पाण्याने धुऊन खोबरेल तेलाचा अगदी पुसट हात दिल्यास ती पुन्हा तजेलदार दिसते.

६. जे स्वतः करू नये

काही कामांत काटकसर घातक ठरते. या घरांत काँक्रीटचे खांब नसतात, भिंतीच छपराचा भार वाहतात. म्हणून खोली मोठी करण्यासाठी भिंत काढणे किंवा तीत नवे दार पाडणे, हे इंजिनियरच्या सल्ल्यावाचून व पालिकेच्या परवानगीवाचून करू नये. तुळईचे भिंतीत गाडलेले टोक टोच्याने टोचून पाहावे. टोचा सहज आत गेल्यास लाकूड कुजले आहे किंवा वाळवीने पोखरले आहे असे समजावे आणि जाणत्या सुतारास बोलवावे. विजेच्या जुन्या तारांवरील रबर कालांतराने ठिसूळ होते. त्या परवानाधारक कारागिराकडूनच बदलून घ्याव्यात. परसातील शेडवर ॲस्बेस्टॉसचे पत्रे असल्यास ते स्वतः कापू वा फोडू नयेत.

सर्वांत फसवा धोका जुन्या तैलरंगाचा आहे. दारे, खिडक्या व गज यांवरील जुन्या रंगात शिसे असण्याचा संभव असतो. गजांवर गंज चढू नये म्हणून दिला जाणारा शेंदूर हे तर शिशाचेच ऑक्साइड होय. बंगळूर येथे १९९९ साली शिशाच्या विषबाधेविषयी आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक असू नये असा नियम आहे. परंतु त्यापूर्वीचे थर दारांवर तसेच आहेत. ते कोरड्या सँडपेपरने घासल्यास बारीक धूळ उडते, जमिनीवर बसते व रांगणाऱ्या-खेळणाऱ्या मुलांच्या हातांतून तोंडात जाते. वाढत्या वयाच्या मेंदूस शिसे कायमची इजा करते. म्हणून रंग शाबूत असल्यास तो न काढता त्यावरच नवा रंग द्यावा. काढणे अपरिहार्य असल्यास पृष्ठभाग ओला ठेवून खरवडावा, जाळू नये, खपल्या गोळा करून बंद पिशवीत ठेवाव्यात, जमीन ओल्या फडक्याने पुसावी आणि कामाचे कपडे वेगळे धुवावेत. या काळात लहान मुलांनी व गर्भवती स्त्रियांनी त्या घरात पाऊल ठेवू नये.

७. मुहूर्त आणि भिंत

आता त्या दांपत्याच्या अडचणीकडे पुन्हा वळावे. ओलीचे कारण दूर केल्यानंतरही जाड भिंत सुकण्यास वेळ लागतो. दर अडीच सेंटिमीटर जाडीस सुमारे एक महिना, असा एक स्थूल ठोकताळा आहे. त्या हिशेबाने ३५ सेंटिमीटरच्या भिंतीस वर्षाहून अधिक काळ लागेल, आणि मुहूर्त तर तीन महिन्यांवर आहे.

परंतु भिंत सुकेपर्यंत घराबाहेर राहिलेच पाहिजे असे नाही. छप्पर गळत नाही, तुळया भक्कम आहेत, वीज सुरक्षित आहे आणि रंगाची धूळ पुसून काढली आहे, एवढे झाले की वास्तुशांत ठरल्या दिवशी करावी. बैठकीची ती एक भिंत मात्र सफेदीवाचून, कदाचित गिलाव्यावाचूनही, उघडी ठेवावी. तिच्यासमोर कपाट लावू नये, खिडक्या उघड्या ठेवाव्यात. येणारे पाहुणे त्या भिंतीकडे बोट दाखवतील. त्यांना पेन्सिलीच्या रेघा व तारखा दाखवाव्यात. महिन्यामागून महिने ओल त्या रेघांच्या खाली उतरत गेली, तर निदान बरोबर होते असे ठरेल. आणि ती उतरली नाही, तर ते लवकर कळेल व खर्चही थोडक्यात निभावेल. घाईने झाकलेली भिंत यांपैकी काहीच सांगू शकत नाही.