सिझेरियननंतरची पोटफुगी आणि विषाणुसंसर्ग : एक अभ्यासटिपण

सिझेरियननंतर एक-दोन दिवस आतड्यांची हालचाल मंदावते, पोट काहीसे फुगते आणि वायू सरू लागला की उतरते. प्रसूतिकक्षातील प्रत्येक परिचारिकेस हे परिचित आहे. या परिचयामुळेच एका गंभीर विकाराकडे दुर्लक्ष होण्याचा संभव असतो. आमच्या तरुण सहकाऱ्यांसाठी त्याची मांडणी येथे करीत आहोत.

ब्रिटिश शल्यचिकित्सक सर हेनेज ऑगिल्व्ही यांनी १९४८ मध्ये या विकाराचे वर्णन केले. प्रत्यक्ष अडथळा नसतानाही मोठे आतडे अडथळा असल्याप्रमाणे फुगत जाते. सर्वाधिक ताण अंधांत्रावर, म्हणजे मोठ्या आतड्याच्या आरंभीच्या रुंद भागावर पडतो. त्यामुळे पोटात उजवीकडे खाली दुखते. अंधांत्राची रुंदी १२ सेंटिमीटरपलीकडे गेल्यास ते फाटण्याचा धोका बराच वाढतो. वायू सरत असला, आतड्यांचा आवाज ऐकू येत असला, तरी हा विकार असू शकतो, हे विशेष ध्यानात ठेवावे.

२०२० पासूनच्या कोविड साथीने या प्रश्नाला नवी बाजू जोडली. या विषाणूला पेशीत प्रवेश देणारे ग्राहक आतड्याच्या अस्तरातही असतात. उलट्या-जुलाबांनी पोटॅशियम घटते. अंथरुणास खिळून राहणे व अफूवर्गीय वेदनाशामके आतडे आणखी मंद करतात. खरी अडचण निदानाची आहे. ताप, जलद नाडी, धाप, उलटी ही लक्षणे सहजच विषाणूच्या नावे लिहिली जातात. वस्तुतः फुगलेले पोट श्वासपटल वर ढकलते आणि त्यानेही धाप लागते. डेंग्यूत पोटात द्रव साठल्यानेही फुगवटा येतो. तेथे सोनोग्राफी उपयुक्त ठरते. तपासणीत पोट मऊ, पण वेदना असह्य, असे आढळल्यास आतड्याच्या रक्तवाहिनीतील गुठळीची शंका घेऊन तातडीने सीटी स्कॅन करावा.

पोटफुगी वाढत असल्यास नाडी व पोटाचा घेर ठरावीक वेळाने नोंदवावा, पोटाचे क्ष-किरण चित्र घ्यावे आणि शल्यचिकित्सकांस वेळीच बोलवावे. तोंडाने अन्न-पाणी थांबवून नाकातून नळी घालणे, पोटॅशियम भरून काढणे, अफूवर्गीय औषधे टाळणे व शक्य तितकी हालचाल करविणे, हे प्राथमिक उपचार होत. एवढ्याने उतार न पडल्यास, यांत्रिक अडथळा व छिद्र नसल्याची खात्री करून निओस्टिग्मिन शिरेतून देतात. त्याने नाडी मंदावू शकते; म्हणून हृदयालेखावर सतत लक्ष व अ‍ॅट्रॉपिन हाताशी हवे. पुढील पर्याय दुर्बिणीने आतड्यातील वायू काढण्याचा. छिद्र पडल्यास किंवा आतडे निर्जीव होऊ लागल्यास शस्त्रक्रियेस विलंब करू नये.

संसर्गामुळे माता विलगीकरणात असेल, तर तिच्या पोटावर हात ठेवून तपासण्याचे प्रसंग कमी होतात. म्हणून अशा मातेच्या प्रत्येक फेरीत पोटाची तपासणी व नोंद व्हावी, असा आमचा आग्रह आहे.